आतली कडी

"दोन्ही डावेच केलेत की हो, चादरबाई!"

मिस्त्रीनं दोन्ही खांब बाकावर शेजारी शेजारी उभे केले, एक पाऊल मागं सरला आणि कपाळाला हात लावला. शेडमधली रंध्यांची खरखर थांबली. कोपऱ्यात खुर्चीचा पाय घासत बसलेला म्हातारा पोस्टमन उठून बघायला आला. चष्मेवाली मास्तरीण तर आधीच येऊन उभी होती. दुसऱ्याची चूक बघायला मिळाली की तिला स्वतःच्या चुकांचा विसर पडायचा.

चूक अशी झाली होती. पलंगाशेजारी ठेवायचा एक आधार करायचा होता. दोन उभे खांब, हातानं धरायला वर एक आडवा दांडा, आणि खाली पलंगाच्या पायांखाली सरकवायच्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे पलंगाच्या वजनानं आधार जागचा हलायला नको. दांडा बसवायला दोन्ही खांबांना खाच हवी, आणि त्या खाचा एकमेकींसमोर यायला हव्यात. चादरबाईनं पहिला खांब इतका सुरेख केला, की दुसरा करताना तो समोर ठेवून हुबेहूब त्याच्यासारखाच केला. आता दुसऱ्या खांबाची खाच भिंतीकडं तोंड करून बसली होती, रुसलेल्या जावेसारखी.

"होतं असं," मिस्त्री म्हणाला. "पहिलं काम जमलं की माणूस त्याच्या प्रेमातच पडतो. मी कारखान्यात नवा होतो तेव्हा बसचं आख्खं दार उलटं केलं होतं. ड्रायव्हरच्या मांडीवर उघडायचं."

सगळे हसले. चादरबाई हसली नाही.

"ही खाच सरस लावून बुजवते. दुसऱ्या बाजूला नवी पाडते."

"कपाट असतं तर मीच म्हटलं असतं, बुजवा. पण यावर माणूस अंग टाकणार. दोन्हीकडून पोखरलेला खांब ऐन वेळी दगा देतो, बाई. नवं लाकूड घ्या."

"म्हणजे आणखी किती दिवस?"

"लागतील तेवढे. पी हळद नि हो गोरी, असं लाकडाचं नसतं."

याला बोलायला काय जातंय, असं तिच्या मनात आलं. ती फळ्या रचून ठेवल्या होत्या तिकडं गेली आणि तोंडाला रुमाल लावून रडली. लाकूड चुकलं म्हणून पन्नाशीची बाई रडते हे ऐकून कुणाला हसू येईल तर येवो. त्या लाकडासाठी घरी एक माणूस पाणी प्यायचा थांबला होता.

शेड म्हणजे बसगाड्यांची जुनी दुरुस्तीची जागा. गाड्या दुसरीकडं गेल्या आणि ती ओस पडली, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी मिळून तिथं सुतारकामाची हत्यारं आणून ठेवली. करवती, रंधे, पटाश्या, सगळं सामायिक. ज्याला जे करायचं असेल त्यानं यावं आणि करावं. शिकवायला मिस्त्री होता. त्याचा जन्म बसच्या बॉड्या बांधण्यात गेला होता, आणि घरी बसून सुनेची बोलणी खाण्यापेक्षा इथं येऊन दुसऱ्यांना बोलणं त्याला बरं वाटायचं. शेडचे कायदे दोनच. इथं कुणी कुणाला वस्तू करून देत नाही, ज्याची त्यानं करायची. आणि ज्यानं केली त्यानंच तिच्यावर आधी अंग टाकायचं, सगळ्यांसमोर. स्टूल केलं तर त्यावर उभं राहायचं, झोपाळा केला तर त्यावर बसायचं. "स्वतःची हाडं पणाला लावल्याशिवाय सांधा घट्ट होत नाही," असं मिस्त्री म्हणे. पोस्टमनचं पहिलं स्टूल याच कायद्यानं मोडलं होतं, आणि तो अजून जरा तिरकाच बसायचा.

ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. दिवसभर उकळत्या पाण्याच्या वाफेत चादरी. विरलेल्या चादरींच्या चिंध्या ती शेडमध्ये पुसायला आणायची, म्हणून चादरबाई. पहिल्या दिवशी ती मिस्त्रीला म्हणाली होती, "मला काही शिकायचं नाही, हो. एवढं एक तुम्हीच करून द्या." मिस्त्रीनं तिला कायदा ऐकवला होता आणि हातात करवत दिली होती. बाजारातल्या दोन सुतारांकडं ती आधी जाऊन आली होती. दोघांनीही "येतो, बघतो" म्हटलं आणि दोघंही आले नाहीत. एवढ्याशा कामाला कोण येतो!

तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट अडकली की लोक देवाआधी त्याला फोन करायचे. काळोख्या भुयारात तारांना लोंबकळून काम करणारा, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. एका सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. दुपारपर्यंत उजवी बाजू गेली. हात गेला तो गेलाच. पायात थोडा जीव परत आला, म्हणजे कुणी उभं केलं तर काठी घेऊन तो भिंतीच्या कडेकडेनं सरकायचा. पण उभं कोण करणार? जीभ जड झाली होती, धार मात्र शाबूत होती. "आख्ख्या शहराला वर चढवलं," तो म्हणायचा, "आता मला चढवायला दोघं लागतात."

आधी तिनं दुकानातून लोखंडी दांडा आणला होता, पलंगाला अडकवायचा. त्या जुन्या खाटेला तो नीट बसेचना. तरी एक दिवस, ती कामावर असताना, त्यानं एकट्यानं उठायचं ठरवलं. उठला, मोरीपर्यंत गेला, परत आला, आणि पलंगावर बसायला म्हणून दांडा धरला तर दांडा त्याच्यासकट निखळला. तो आडवा पडला. भुवई फुटली. कपडे अजून वर ओढायचे होते, एका हातानं ते राहिले होते. त्याची धाकटी बहीण दिवसा त्याच्याजवळ थांबायला यायची. ती बाजारातून आली, तिनं बघितलं आणि आरडाओरडा केला. खालचा शिंपी आला, त्याचे कारागीर आले, शिंप्याची बायको आली, जिन्यातून जाणारे दोघं-तिघं आले. सगळ्यांनी मिळून त्याला उचललं. माणसं चांगली होती. पण कुणाला म्हणून आधी त्याचे कपडे वर ओढायचं सुचलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं खालच्या शिंप्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही. आणि पाणी सोडलं.

हे तिला लगेच कळलं नाही. तांब्या भरून ठेवावा, संध्याकाळी येऊन बघावं तर रिकामा. बरं वाटायचं. मग त्याला ताप भरू लागला, लघवीला जळजळ होऊ लागली. इस्पितळातली ओळखीची नर्स म्हणाली, "पाणी पाजा हो त्यांना, मूत्रपिंडं वाळतील." ती म्हणाली, पितात की! एकदा पलंग सरकवून झाडू मारायला गेली, तर मागची भिंत गुडघ्याएवढी ओली, गादीचा कडेचा कापूस कुजलेला. रोजचं पाणी तो भिंतीवर ओतत होता.

"का? अहो, का?" ती ओरडली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती.

तो म्हणाला, "प्यायलं की जावं लागतं."

"मग वन्सं असतात ना घरात!"

"तिला सांगू? लहानपणी तिची मी धुतलीय. आता ती माझी धुणार?"

ती कामावरून यायची तोवर तो दिवसभर कळ काढायचा. आली की तिच्या खांद्यावर हात टाकून जायचा आणि सगळा वेळ डोळे मिटून घ्यायचा. बायकोनं बघितलेलंही त्याला सोसत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही. त्या पिळावरच तो जिवंत होता.

म्हणून ती शेडमध्ये जात होती. म्हणून दोन्ही खांब डावे झाले तेव्हा ती रडली.

मिस्त्री तिच्या मागोमाग फळ्यांपाशी आला. बायकांचं रडणं म्हटलं की त्याची पळता भुई थोडी व्हायची, पण आला.

"एवढं काय झालं? घरात कोण आहे?"

तिनं सांगितलं. पाण्याचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. शिंप्याचं सांगताना तिचा आवाज फुटला. मिस्त्री खाली बघत अंगठ्यानं पटाशीची धार चाचपत राहिला.

"द्या इकडं," तो शेवटी म्हणाला. "मी करून देतो. उद्या घेऊन जा."

"आणि कायदा?"

"घाला चुलीत कायदा."

ती नाक पुसून म्हणाली, "नको. तो लोखंडी दांडा कुणी तरी केलेलाच होता. त्यांना मी सांगितलंय, मी करतेय म्हणून. लाकूड दाखवा."

मिस्त्रीनं तिला सागाचा एक जुना खांब काढून दिला, कुठल्या तरी पाडलेल्या घराच्या दाराचा. बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून काढून दार त्यापासून तिनंच सोडवलं. "याचं जे काही वाकायचं होतं ते वाकून झालंय," तो म्हणाला. या खेपेला त्यानं दोन्ही खांब बाकावर पुस्तकाच्या पानांसारखे समोरासमोर आडवे टाकायला लावले आणि खडूनं दोघांवर एकमेकांकडं बघणारे डोळे काढायला लावले. "डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. मग चूक व्हायची नाही." मास्तरीण हसली. पण चादरबाईनं डोळे काढले, भिवयांसकट.

लाकूड कडक होतं. पटाशी उडायची, लाकडी मोगरीचा घाव अंगठ्यावर बसायचा. वाफेनं भिजून भिजून मऊ पडलेल्या तिच्या हातांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. पण हळूहळू कान तयार झाला. पटाशी बरोबर बसली की आवाज वेगळा येतो, वाकडी गेली की वेगळा, हे कुणी न सांगता तिला कळू लागलं. खाच तळापर्यंत सरळ उतरली आणि दांड्याचं टोक तिच्यात हातानं दाबल्याबरोबर गच्च बसलं, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. घरी नवरा कुढत पडलाय आणि आपण लाकडाला लाकूड बसलं म्हणून हरखतोय!

रोज घरी गेली की तो विचारायचा, "कुठवर आलं, सुतारीणबाई?" आधी टोमणा असायचा. नंतर नंतर खरंच विचारायचा. खालच्या पट्ट्यांची जाडी तिनं सांगितली, तर म्हणाला, "बारीक पडेल. जाड घे. वर झटका बसतो ना, तो सगळा खाली जातो." डाव्या हातानं हवेत आकृती काढून दाखवायचा. गेल्या कित्येक महिन्यांत ती दोघं औषध आणि मोरी सोडून दुसऱ्या कशावर बोलली नव्हती. आता त्यांच्यात भांडणंसुद्धा व्हायला लागली, स्क्रू घालायचे की लाकडी खुंट्या ठोकायच्या यावरून. ती जिंकली. खुंट्या.

आधार पुरा झाला त्या दिवशी शेडमधल्या जाडजूड फळीखाली पट्ट्या सरकवल्या, फळीवर पोस्टमनला बसवलं आणि सगळे गोल करून उभे राहिले. तिनं दांडा एका हातानं धरला, डाव्या. उजवा हात पाठीमागं घेतला, उजवा पाय उचलला, आणि सगळं अंग त्या दांड्यावर टाकून खालून वर उठली. परत बसली. परत उठली. आधार जागचा हलला नाही, कुरकुरला नाही.

"उजवा पाय का उचलला?" मास्तरणीनं विचारलं.

"त्यांचा नाही ना तो," ती म्हणाली.

पोस्टमननं आणि तिनं तो दोन टोकांनी धरून घरी नेला. जिन्यात शिंपी भेटला, "देऊ का हात?" म्हणाला. "नको," ती म्हणाली. जरा तुटकच म्हणाली, आणि नंतर तिला वाईट वाटलं, कारण त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष होता.

नवऱ्यानं तो आधार आधी नुसता बघितला. मग हात फिरवला. मेकॅनिकचा हात, सांध्यावर येऊन थांबायचा, नखानं खरवडायचा. "हं," एवढंच म्हणाला. पहिल्या दिवशी त्याला उठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा उठला आणि धपकन बसला, आणि तिलाच शिव्या दिल्या. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पुरे कर तुझे प्रयोग. पडला-बिडला तर?" मग एका दुपारी ती कामावरून लवकर आली, तर तो उभा होता. डाव्या हातानं दांडा धरून, घामाघूम, खिडकीतून बाहेर बघत. मागं वळून न बघता म्हणाला, "पाणी दे."

तिनं दिलं. तो गटागटा प्यायला. "आणखी," म्हणाला. तांब्यानं प्यायला, हनुवटीवरून ओघळू देत प्यायला.

त्यानंतरचे दिवस बरे गेले असं म्हणायला हवं. ताप गेला. काठी टेकत, भिंतीला खांदा घासत तो मोरीत जायचा. आत बसायला कमोड होता आणि शेजारच्या भिंतीला नळाचा जाड पाइप, तो धरून बसायचा, धरून उठायचा. पण दाराला आतून कडी नव्हती. तो पडल्यानंतर तिनंच ती काढून ठेवली होती, इस्पितळात सगळ्यांना सांगतात तसं. दार नुसतं लोटलेलं असायचं, आणि वन्सं काळजीनं दर घटकेला त्या फटीतून विचारायच्या, "दादा, बरा आहेस ना? दादा, झालं का?"

एका संध्याकाळी तो म्हणाला, "कडी लाव."

"बाहेरच्या दाराला लावलीय."

"मोरीला. आतून."

वन्सं घरी जायला निघाल्या होत्या. त्या दारातून परत फिरल्या. "वेड लागलंय का दादाला? आत चक्कर आली म्हणजे? वहिनी, तू हे ऐकणार नाहीस."

"कडीशिवाय बंद केलेलं दार बंद नसतं," तो म्हणाला. त्याला जीभ वळवायला वेळ लागला, पण एकेक शब्द नीट म्हणाला. "आणि हाक मारायची नाही कुणी. मी आत आहे तोवर मी नाही असं समजायचं."

"उद्या काही झालं ना," वन्सं तिला म्हणाल्या, "तर त्या कडीचं पाप तुझ्या माथी. मी आत्ताच सांगून ठेवते."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात हुकूम नव्हता. त्यानं आजवर तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होता. एवढीशी कडी! ज्या दाराला लहान पोरंसुद्धा आतून कडी लावून आयांचा जीव खालीवर करतात, त्या दाराला.

दुसऱ्या दिवशी तिनं शेडमधून पेचकस, मोगरी आणि गिरमिट मागून आणलं. कडी त्याच्या डाव्या हाताला येईल अशा उंचीवर धरली, त्याला उभं करून सरकवून बघायला लावली, खूण केली, आणि बसवली. स्क्रू पिळताना तिला वन्संचं बोलणं आठवत होतं. हात थांबला नाही. बसवून झाल्यावर त्यानं ती दोनदा लावून काढून बघितली. "तेल घाल थोडं," म्हणाला. मग म्हणाला, "चांगली बसलीय." त्यानं तिच्या कामाला चांगलं म्हटलं ते तेवढंच.

सुटीचा दिवस होता, सकाळची वेळ. वन्सं सुटीच्या दिवशी यायच्या नाहीत. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. पलंग कुरकुरला, काठी टेकल्याचा आवाज आला, दार लोटलं गेलं, कडी सरकली. हे सगळे आवाज तिच्या आता अंगवळणी पडले होते, आणि कडी सरकली की ती मान वळवून तिकडं बघायचीसुद्धा नाही. शब्द दिला होता. नळ सुरू झाला. तिनं भाजी निवडली, धुतली, चिरली. नळ सुरूच होता.

हाक मारावी असं तिला वाटलं. नळ तर सुरू आहे, म्हणजे हात धुत असतील. हाक मारली की चिडतील, आणि चिडले की परत पाणी प्यायचं सोडतील. तिनं कांदा घेतला. कांदा चिरला. आणखी थोडा वेळ स्वतःशी भांडली. मग सुरी टाकून दारापाशी गेली आणि तिथंही क्षणभर हात उगारून तशीच उभी राहिली.

"अहो?"

नळाचा आवाज.

"अहो! मी हाक मारतेय. रागवा हवं तर!"

तिनं दारावर मुठी आपटल्या. मग नाइलाजानं जिन्यात जाऊन खाली ओरडली. शिंपी दोन कारागिरांना घेऊन धावत आला. तेच ते.

"व्हा बाजूला, वहिनी," शिंपी म्हणाला. "लाथ घालतो."

"दार बाहेर उघडतं. लाथेनं चौकटीत आणखी रुतेल," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. पेचकस आणि मोगरी अजून घरातच होती, शेडमध्ये परत द्यायची राहिली होती. शेडमध्ये तिनं असंच एक जुनं दार खांबापासून सोडवलं होतं. तिनं बिजागरीच्या खिळीला खालून पेचकस लावला आणि मोगरी मारली. खीळ वर सरकली. दुसरी. तिसरी गंजली होती. तिच्यावर ती मारत राहिली, हात सोलला तरी मारत राहिली, आणि ती निघाली. शिंप्यानं दार ओढायला हात घातला.

"सोडा," ती म्हणाली. "मागं व्हा सगळे. पार पलंगापर्यंत. मी सांगेपर्यंत कुणी यायचं नाही."

"अहो, पण त्यांना उचलायला..."

"मी सांगेपर्यंत नाही!"

तिनं बिजागरीच्या बाजूनं दार तिच्यापुरतं उचकटलं, आत शिरली, आणि आतून ते परत ओढून घेतलं.

तो कमोडवर बसला होता. खांदा पाइपला टेकलेला, हनुवटी छातीवर, डावा हात पाइप धरून. कपडे गुडघ्यांशी. तिनं त्याच्या मानेला हात लावला. इस्पितळात इतकी वर्षं काढल्यावर हाताला कळतं. पोटातून किंकाळी वर आली, ती तिनं दातांखाली आवळून धरली. ओरडली असती तर सगळे आत आले असते.

तिनं नळ बंद केला.

"वहिनी!" बाहेरून शिंपी म्हणाला. "काय झालं? येऊ का?"

"थांबा."

तिनं त्याची बोटं पाइपवरून एकेक करून सोडवली. मग रोज उठवायची तशी त्याच्या काखेखाली खांदा घातला. तो कधी नव्हता एवढा जड झाला होता. एका हातानं त्याला सावरत दुसऱ्या हातानं तिनं कपडे वर ओढले, आधी डावीकडून, मग उजवीकडून, कमरेशी सारखे केले. झाकण पाडून त्याला त्यावर बसवलं. हनुवटीवरची लाळ पुसली. केस बोटांनी मागं सारले. शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. ती उघडून नीट लावायला तिनं हात पुढं केला. पण सकाळी ती त्यानंच एका हातानं लावली होती. तिनं ती तशीच राहू दिली.

मग ती दारापाशी आली आणि तिनं आतली कडी काढली.

"या आता," ती म्हणाली.